रक्तातील एक अंक

बारामतीस कऱ्हेच्या काठी बाबूजी नाईकांचा वाडा आजही उभा आहे. बाबूजींच्या आश्रयास राहून मोरोपंतांनी आपली आर्यांची प्रचंड रचना ह्याच गावी केली आणि १७९४ साली, वयाच्या ६५ व्या वर्षी, येथेच देह ठेवला. त्या काळी पासष्टी गाठणे हे भाग्याचे लक्षण समजत. आज बारामती-इंदापूर भागात पासष्टी, सत्तरी ओलांडलेले गृहस्थ आळीआळीत आढळतात. आयुष्याची दोरी लांबली ही आनंदाचीच गोष्ट होय. परंतु त्या दोरीबरोबर काही नवी कोडीही घरात आली. त्यांपैकी एक कोडे लहानशा कागदावर, एका अंकाच्या रूपाने येते.

असे एक गृहस्थ डोळ्यांपुढे आणावे. वय ६८. सारी नोकरी पाटबंधारे खात्यात, नीरेच्या डाव्या कालव्यावर गेलेली, बिऱ्हाड इंदापुरास. रात्री तीन-चार वेळा लघवीस उठावे लागते, धार बारीक झाली, म्हणून ते बारामतीच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी तपासले, रक्त घेतले. दुसऱ्या दिवशी कागद हाती आला. त्यावर ‘पीएसए’ ह्या तीन अक्षरांपुढे ७.२ हा अंक ठळक छापलेला, आणि शेजारी ‘४ पर्यंत’ अशी मर्यादा दिलेली. सुनेने कागद वाचला, मुलाने तो पुन्हा वाचला, आणि दोघांनीही एकमेकांकडे पाहिले. ‘कर्करोग’ हा शब्द कोणी उच्चारला नाही. पण तो घरात येऊन बसला. पुन्हा रक्त तपासणे, मग चित्रण, मग तुकडा काढणे, मग त्याचा निकाल, ह्यांत पाच-सहा आठवडे जावयाचे होते. हे आठवडे कसे काढावयाचे?

ह्या प्रश्नाचे उत्तर औषधात नाही. ते काही अंशी इतिहासात आहे. हा अंक कोठून आला, त्याची मर्यादा कोणी ठरविली, आणि तो जन्मास येण्यापूर्वी माणसे कशाची वाट पाहत असत, हे कळले म्हणजे अंकाची भीती नाहीशी होत नाही. परंतु तिला आकार येतो. आणि आकार आलेल्या भीतीशी मनुष्य बोलू शकतो.

प्रथम ती ग्रंथी कोणती, हे पाहू. पुरुषाच्या मूत्राशयाच्या मुखाशी, मूत्रमार्गास वेढून, अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते. ग्रीक भाषेतील ‘पुढे उभा राहणारा’ ह्या अर्थाच्या शब्दावरून पाश्चात्त्य वैद्यांनी तिला ‘प्रोस्टेट’ म्हटले. मराठी परिभाषाकारांनी त्याच अर्थाचा ‘पुरःस्थ’ हा शब्द योजला. वीर्यातील द्रवाचा काही भाग ती निर्माण करते. उतारवयात ती बहुधा वाढू लागते; पन्नाशी उलटलेल्या पुरुषांपैकी सुमारे निम्म्यांत सूक्ष्मदर्शकाखाली अशी वाढ दिसते, आणि पुढे वयाबरोबर हे प्रमाण चढतच जाते. मूत्रमार्ग तिच्या मधून जात असल्यामुळे ती फुगली की धार अडते. ही साधी वाढ म्हणजे कर्करोग नव्हे, आणि तिचे रूपांतर कर्करोगात होते असेही नाही. एकाच घरात राहणाऱ्या दोन निराळ्या भाडेकरूंप्रमाणे ही दोन दुखणी एकाच ग्रंथीत नांदतात, आणि म्हणूनच एकाच्या नावाने दुसऱ्याची शंका येते.

मूत्र अडण्याचे दुःख भारतीय वैद्यकास अपरिचित नव्हते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताचे बारा प्रकार सांगितले आहेत. त्यांतील ‘वाताष्ठीला’ ह्या प्रकारात दगडाप्रमाणे कठीण, उंचावलेली गाठ मार्ग अडविते, असे वर्णन असून अर्वाचीन वैद्य त्याचा संबंध बहुधा ह्या ग्रंथीच्या वाढीशी जोडतात. परंतु गाठ कोणत्या जातीची, हे जिवंत माणसाच्या बाबतीत ओळखण्याचे साधन पूर्वेस नव्हते, तसे पश्चिमेसही नव्हते.

मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी धावली ते वर्ष १८५३. त्याच वर्षी लंडन हॉस्पिटलचे शल्यवैद्य जॉन ॲडम्स यांनी ह्या ग्रंथीच्या कर्करोगाचा सूक्ष्मदर्शकाने निश्चित केलेला पहिला रोगी वर्णन करून ठेवला, आणि हा रोग अत्यंत दुर्मीळ असल्याचे नमूद केले. आज जगातील अनेक देशांत पुरुषांना होणाऱ्या कर्करोगांत ज्याचा क्रमांक पहिल्या दोन-तीनांत लागतो, तो रोग त्या काळी दुर्मीळ वाटावा, ह्याचे कारण उघड आहे. तो होण्याच्या वयापर्यंत फार थोडे पुरुष जगत; आणि जे जगत, त्यांचे दुखणे ‘म्हातारपणाची लघवी’ ह्या एकाच सदरात जमा होई.

त्या पिढीतील इंदापूरच्या एखाद्या वृद्धास मूत्र अडले तर तो काय करी? १८५८ साली पुण्याहून भीमाकाठच्या डिकसळपर्यंत लोहमार्ग आला आणि १८६७ साली पुण्यास ससून रुग्णालय उभे राहिले. ह्यामुळे बैलगाडीने स्थानकापर्यंत, तेथून आगगाडीने पुण्यास, असा मार्ग खुला झाला. बारामतीस तर १९१४ साली दौंडहून अरुंद रुळांची गाडी आली. पुण्यास पोहोचलेल्या रोग्याची वेदना नळी घालून हलकी करता येई. परंतु गाठ कर्करोगाची असेल, तर तिची वार्ता कळावयाची ती हाडे दुखू लागल्यावर, कंबर धरल्यावर, अंगातले रक्त आटल्यावर. तेव्हाही माणसे वाट पाहत. पण ती निकालाची नव्हे, शेवटाची.

विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात ह्या कथेस पहिले वळण मिळाले. १९३५ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील आर्नोल्ड रिच यांनी एक चमत्कारिक गोष्ट प्रसिद्ध केली. पन्नाशी उलटलेल्या, अन्य कारणांनी मरण पावलेल्या पुरुषांच्या शवविच्छेदनांत शेकडा सुमारे १४ जणांच्या ग्रंथीत कर्करोगाचे बारीक कण त्यांना आढळले. ह्या माणसांना आयुष्यभर त्याचा पत्ताही नव्हता. कर्करोग अंगात असूनही मनुष्य त्याने मरत नाही, आपले आयुष्य पुरे करून दुसऱ्याच कारणाने जातो, हे ज्ञान तेव्हा जवळजवळ दुर्लक्षितच राहिले. पुढे साठ-सत्तर वर्षांनी त्याची खरी किंमत कळावयाची होती.

त्याच सुमारास, १९३६ पासून, न्यूयॉर्कचे अलेक्झांडर गटमन व त्यांचे सहकारी यांनी दाखविले की, ह्या ग्रंथीचा कर्करोग हाडांत पसरला म्हणजे आम्ल फॉस्फटेज नावाचे एक द्रव्य वाढू लागते. रोग्याच्या रक्तातही ते चढलेले सापडते. रोगाची बातमी रक्तावरून कळू शकते, ही कल्पना येथे जन्मली. १९४१ साली शिकागोचे चार्ल्स हगिन्स व क्लॅरेन्स हॉजेस यांनी हेच द्रव्य मोजून सिद्ध केले की, पुरुषी अंतःस्राव बंद केला असता पसरलेला रोगही मागे हटतो. ह्या कार्यासाठी हगिन्स यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तथापि आम्ल फॉस्फटेजची परीक्षा म्हणजे घर पेटल्यावर वाजणारी घंटा होती. ती वाजेपर्यंत रोग ग्रंथीची शीव ओलांडून गेलेला असे.

१९४१ हे वर्ष महाराष्ट्राच्या दृष्टीनेही स्मरणीय आहे. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत परळ येथे टाटा स्मारक रुग्णालयाचे उद्घाटन झाले. मेहेरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. सर दोराबजींच्या नावाच्या न्यासाने हे रुग्णालय उभारले. तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी वाहिली. भारतीय विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. धोतर कमरेस घट्ट आवळण्याच्या सवयीचा तेथील कातडीच्या कर्करोगाशी संबंध दाखवून त्यांनी हे शिकविले की, रोगाचा अभ्यास परदेशी पुस्तकांवरून पुरा होत नाही; आपल्या माणसांच्या शरीरातील तुकडा आपल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पाहावा लागतो. इंदापूर-बारामतीच्या रोग्याचा तुकडा आज जेथे कोठे तपासला जातो, तेथे ह्या परंपरेचा अंश असतो.

आता त्या तीन अक्षरांकडे वळू. ग्रंथीतील पेशी एक प्रथिन निर्माण करतात. वीर्य पातळ करणे हे त्याचे नैसर्गिक काम. १९७० साली रिचर्ड अ‍ॅब्लिन यांनी ह्या ग्रंथीपुरते मर्यादित असे प्रतिजन वर्णिले. १९७१ साली जपानात मित्सुवो हारा यांनी वीर्यातील अशाच एका प्रथिनाचा शोध लावला. आणि १९७९ साली अमेरिकेतील बफेलो येथे मिंग चू यांच्या गटाने ते ग्रंथीतून शुद्ध स्वरूपात वेगळे केले. पुढल्याच वर्षी ते रक्तात मोजता आले. ‘प्रोस्टेट स्पेसिफिक अँटिजेन’ ह्या त्याच्या नावाची आद्याक्षरे म्हणजे पीएसए. येथे एक शब्द नीट ध्यानात घ्यावा. हे द्रव्य ‘ग्रंथीचे’ विशेष आहे, ‘कर्करोगाचे’ नव्हे. निरोगी ग्रंथी ते निर्माण करते, वाढलेली ग्रंथी अधिक निर्माण करते, सुजलेल्या ग्रंथीतून ते रक्तात झिरपते, आणि कर्करोगग्रस्त ग्रंथीतूनही झिरपते.

१९८६ साली अमेरिकेच्या औषध-नियंत्रक खात्याने ह्या परीक्षेस मान्यता दिली, ती केवळ रोग ठरलेल्या माणसांवर उपचारानंतर लक्ष ठेवण्यासाठी. १९८७ साली स्टॅनफर्डचे टॉमस स्टेमी यांनी तिची उपयुक्तता विस्ताराने मांडली. १९९१ साली सेंट लुईसचे विल्यम कॅटलोना यांनी पन्नाशी उलटलेल्या १,६५३ निरोगी पुरुषांवर ती प्रथमच शोधक परीक्षा म्हणून वापरून पाहिली. ज्यांचा अंक ४ ते ९.९ ह्यांच्या दरम्यान होता व ज्यांचा तुकडा तपासला गेला, अशा ८५ जणांपैकी १९ जणांस कर्करोग निघाला. अंक १० वा त्याहून अधिक असलेल्या २७ जणांपैकी १८ जणांस. १९९४ साली रोग शोधण्यासाठीही परीक्षा मान्य झाली, आणि ४ ही मर्यादा जगभरच्या कागदांवर छापली जाऊ लागली.

इंदापूरच्या त्या घरात हाच अंक वाचला जात होता. कॅटलोनांचे आकडे त्यांना कोणी समजावून सांगितले असते, तर घरातील शांतता काहीशी निराळी झाली असती. ७.२ म्हणजे चार ते दहाच्या मधला अंक. अशा शंभर माणसांत ज्यांस कर्करोग निघेल ती सुमारे वीस-पंचवीस; उरलेल्या पंचाहत्तर-ऐंशींची ग्रंथी नुसती वाढलेली वा सुजलेली. हा भरवसा नव्हे, कारण वीस-पंचवीस ही संख्या लहान नाही. परंतु हा निवाडाही नव्हे.

४ ही रेघ निसर्गाने आखलेली नाही. निरोगी पुरुषांच्या रक्तातील प्रमाणे पाहून माणसांनी ती सोयीसाठी ठरविली. ती रेघ दोन्ही बाजूंनी गळते, हे पुढे कळले. २००४ साली अमेरिकेतील एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांत अंक ४ किंवा त्याखाली असलेल्या पुरुषांपैकीही शेकडा १५ जणांच्या तुकड्यात कर्करोग आढळला. वयाप्रमाणे अंक चढतो हेही ध्यानात आले. १९९३ साली जोसेफ ओस्टरलिंग यांनी चाळिशीस २.५, पन्नाशीस ३.५, साठीस ४.५ आणि सत्तरीस ६.५ अशा वयपरत्वे मर्यादा सुचविल्या. मोजमापाचे एकक तर इतके सूक्ष्म की, एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. मूत्रमार्गात जंतू झाले, मूत्र तुंबले, नुकतीच नळी घातली गेली, तरी अंक वर जातो. परीक्षेपूर्वी दोन दिवस समागम व लांबचा सायकलप्रवास टाळण्यास सांगतात, तेही ह्याच कारणाने. उलट ग्रंथी लहान करण्याचे फिनास्टेराइडसारखे औषध चालू असेल तर अंक निम्म्यावर येतो आणि खोटा धीर देतो.

कालव्यावर आयुष्य घालविलेल्या माणसास ही गोष्ट दुसऱ्या कोणापेक्षाही लवकर उमगावी. कालव्याच्या कडेस मोजपट्टी रोवलेली असते. पट्टीवर पाणी चढले म्हणजे धरणातून अधिक सोडले, की वर पाऊस झाला, की खाली कोठे गाळ साचून पाणी तुंबले, हे पट्टी सांगत नाही. ती इतकेच सांगते की जाऊन पाहा. शहाणा माणूस पट्टीवर विश्वास ठेवतो, पण एका नोंदीवरून फाळके उघडत नाही. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचतो, मागच्या नोंदी काढतो, आणि मग कालव्याच्या कडेने चालू लागतो.

वैद्यकानेही हेच चालणे हळूहळू शिकून घेतले. पहिली पायरी म्हणजे लघवी तपासून, सूज असल्यास ती ओसरू देऊन, काही आठवड्यांनी शक्यतो त्याच प्रयोगशाळेत अंक पुन्हा पाहणे. दुसरी पायरी बोटाने ग्रंथी चाचपून पाहणे, आणि अंकाचा ग्रंथीच्या आकाराशी मेळ घालणे. कारण मोठ्या ग्रंथीस मोठा अंक शोभतो. रक्तातील हे द्रव्य काही मोकळे, काही बांधलेले असते. मोकळ्याचा वाटा कमी असेल तर संशय वाढतो. तिसरी पायरी चुंबकीय चित्रण, ज्यास सर्वजण एम.आर.आय. म्हणतात. २०१७ साली ब्रिटनमधील ५७६ पुरुषांवरील एका अभ्यासाने दाखविले की, हे चित्रण आधी केले असता चारांपैकी सुमारे एकाचा तुकडा काढणे टळू शकते. चित्रात दिसलेल्या डागास एक ते पाच असे गुण देतात; एक-दोन म्हणजे संशय थोडा, चार-पाच म्हणजे बराच.

शेवटची पायरी बायोप्सी. १९८९ साली स्टॅनफर्डच्या शल्यवैद्यांनी ध्वनिलहरींच्या साहाय्याने ग्रंथीच्या ठरावीक सहा जागांतून सुईने तुकडे घेण्याची रीत घालून दिली. आज ते बहुधा दहा-बारा घेतात. दोऱ्यासारखे बारीक हे तुकडे फॉर्मलिनमध्ये बुडवून ठेवतात, मग पाणी काढून मेणात बसवतात, मेणाच्या वडीचे केसाहून पातळ काप काढतात, ते निळ्या-गुलाबी रंगांत रंगवितात, आणि मग विकृतिशास्त्रज्ञ एकेक काप डोळ्यांखालून घालतो. शंका राहिली तर आणखी विशेष रंग लावून पुन्हा पाहतो. घरच्या माणसांस निकालाच्या विलंबात काहीतरी लपविले जात असल्याचा भास होतो. वस्तुतः तो वेळ मेण थिजण्याचा, रंग चढण्याचा आणि डोळ्यांनी दोनदा पाहण्याचा असतो. विलंब झाला म्हणजे वार्ता वाईट, असा नियम नाही.

निकालाच्या कागदावर एक दुसराच अंक असतो, आणि पहिल्याहून तोच महत्त्वाचा. १९६६ साली मिनीआपोलिसचे डोनाल्ड ग्लीसन यांनी कर्करोगपेशींच्या मांडणीवरून तिच्या पाच पायऱ्या कल्पिल्या. पेशी मूळ ग्रंथीसारख्या सुबक रांगेत असतील तर खालची पायरी. जितकी बेशिस्त, तितकी वरची. तुकड्यात सर्वांत अधिक आढळणारी व तिच्या खालोखाल महत्त्वाची, अशा दोन पायऱ्यांची बेरीज म्हणजे ग्लीसन गुणांक. व्यवहारात तो ६ पासून सुरू होतो व १० पर्यंत जातो. दहापैकी सहा हा आकडा ऐकून रोग्यास वाटते की आपण अर्ध्याहून पुढे गेलो. प्रत्यक्षात सहा हीच सर्वांत सौम्य पायरी होय. ही दिशाभूल टाळण्यासाठी २०१४ साली विकृतिशास्त्रज्ञांनी एक ते पाच असे नवे गट ठरविले. जुन्या सहास आता पहिला गट म्हणतात. ८, ९, १० हे मात्र गंभीर आकडे होत. तेथे रोग पसरला आहे की काय हे त्वरित पाहून उपचारांस लागणेच शहाणपणाचे असते, आणि तेथे वेळ दवडणे हा धीर नव्हे, दुर्लक्ष होय.

येथे इतिहास दुसरे आणि अधिक विलक्षण वळण घेतो. १९९४ नंतर अमेरिकेत लक्षावधी पुरुषांचे रक्त तपासले गेले, आणि शस्त्रक्रिया व किरणोपचार यांची एकच धांदल उडाली. अनेकांचे प्राण वाचले असतील. परंतु अनेकांस, जो रोग त्यांना कधीच त्रास देणार नव्हता त्यासाठी, मूत्र न आवरणे व पुरुषत्व जाणे हे दंड भोगावे लागले. रिच यांनी १९३५ साली पाहिलेले ते निरुपद्रवी कण आता जिवंत माणसांत सापडू लागले होते. २००९ साली युरोपातील सुमारे १,६२,००० पुरुषांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. तपासणीमुळे ह्या रोगाचे मृत्यू शेकडा २० ने घटले. पण एक मृत्यू टाळण्यासाठी १,४१० जणांस तपासणीत घ्यावे लागले व ४८ जणांवर अधिक उपचार करावे लागले. त्याच वर्षीच्या अमेरिकन अभ्यासात तर लाभ दिसलाच नाही. ज्या अ‍ॅब्लिन यांनी १९७० साली ह्या द्रव्याचे वर्णन केले, त्यांनीच २०१० साली ह्या सरसकट तपासणीवर जाहीर टीका केली. २०१२ साली अमेरिकेच्या सल्लागार मंडळाने ती करू नये असा सल्ला दिला. २०१८ साली तो बदलून, ५५ ते ६९ ह्या वयात डॉक्टरांशी बोलून ज्याचे त्याने ठरवावे, असे सांगितले. भारतात सरकारी तपासणी मोहिमेचा भर तोंड, स्तन व गर्भाशयमुख ह्या तीन कर्करोगांवर आहे. पीएसए तीत नाही.

मग ज्याचा सौम्य रोग सापडला त्याने काय करावे? ब्रिटनमध्ये १९९९ ते २००९ ह्या काळात ग्रंथीपुरता मर्यादित रोग असलेल्या १,६४३ पुरुषांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे तीन गटांत वाटणी केली गेली. एकास शस्त्रक्रिया, दुसऱ्यास किरणोपचार, तिसऱ्यास केवळ पाळत. २०२३ साली पंधरा वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला. तिन्ही गट मिळून ह्या रोगाने दगावले ते ४५ जण, म्हणजे शंभरांत तीनही नव्हेत. आणि तिन्ही गटांत हे प्रमाण जवळजवळ सारखेच. पाळतीच्या गटात रोग पसरण्याचे प्रमाण मात्र अधिक होते, आणि त्यांतील बहुतेकांनी पुढे केव्हा ना केव्हा उपचार घेतले. तथापि सुमारे चतुर्थांश माणसे पंधरा वर्षांनीही, कोणताच उपचार न घेता, जिवंत होती. ह्यातूनच सावध पाळतीची पद्धत रुजली. सहा महिन्यांनी रक्त, ठरल्या मुदतीने चित्रण व पुन्हा तुकडा. पायरी चढली तर उपचार, न चढली तर संसार. पूर्वी वाट पाहणे म्हणजे असहायता होती. आज काही रोग्यांच्या बाबतीत वाट पाहणे हाच उपचार ठरला आहे. अट एवढीच की ती डोळे उघडे ठेवून पाहावयाची.

ग्रामीण महाराष्ट्राने ह्या इतिहासात आपली भरही घातली आहे. कर्करोगाची मोजदाद शहरांपुरती असताना १९८७ साली बार्शी येथे, नर्गिस दत्त स्मारक रुग्णालयाच्या आधाराने, भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा व भूम ह्या तालुक्यांतील खेडोपाडी जाऊन ह्या नोंदणीने रोग्यांची गणना केली. पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग पुण्या-मुंबईसारख्या शहरांत पुरुषांच्या कर्करोगांत अग्रभागी आढळतो, खेड्यांत त्याची नोंद कमी होते. आयुर्मान व तपासणी ह्या दोहोंचा त्यांत वाटा आहे. इंदापूरहून बार्शी दूर नाही. बारामतीतही २०१९ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, आणि आज ते अहिल्यादेवी होळकरांचे नाव मिरवते. ज्या वाटेने एकेकाळी बैलगाडी, मग डिकसळची आगगाडी, मग दौंडची छोटी गाडी रोग्यास पुण्याकडे नेई, त्या वाटेवरील पुष्कळसे अंतर आता कमी झाले आहे.

कमी झाले नाही ते घरातील मौनाचे अंतर. हे दुखणे लघवीचे व पुरुषत्वाचे. त्यामुळे बाप मुलापाशी बोलत नाही, मुलगा बापास विचारत नाही, आणि घरची स्त्री दोघांच्या चेहऱ्यांवरून अंदाज बांधीत राहते. बारामती तालुक्यातील काटेवाडीचे शरद पवार यांच्यावर २००४ साली तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, आणि त्यांनी त्याविषयी पुढे जाहीरपणे सांगितले. रोगाचे नाव चारचौघांत घेतल्याने तो वाढत नाही, हे त्या परिसराने तेव्हा पाहिले. जवळच्या नात्यात बाप वा भाऊ ह्यांस हा रोग झाला असेल तर पुरुषाचा धोका वाढतो. म्हणून हे मौन केवळ आजच्या रोग्याचे नव्हे, पुढच्या पिढीचेही नुकसान करते.

इंदापूरच्या त्या गृहस्थांची कथा अर्धी राहिली. महिन्याने अंक पुन्हा तपासला, तो ५.९ निघाला. चित्रात एक डाग दिसला, बारा तुकडे काढले, आणि नऊ दिवसांनी निकाल आला. दोन तुकड्यांत रोग होता. तीन अधिक तीन, सहा. डॉक्टरांनी मुलाला व सुनेलाही आत बोलाविले, तिघांसमोर कागद ठेवला, आणि ह्या सहाचा अर्थ समजावून सांगितला. उपचाराची आजच गरज नाही, पण सहा महिन्यांनी यावयाचेच, असे ठरले. ‘कर्करोग’ हा शब्द त्या दिवशी घरात प्रथम मोठ्याने उच्चारला गेला. तो सुनेने उच्चारला.

घरी आल्यावर त्या गृहस्थांनी जुनी, निम्मी कोरी राहिलेली एक वही काढली. नोकरीत असताना कालव्याची पातळी लिहावयाची त्यांना सवय होती. त्यांनी पट्टी घेऊन चार रकाने आखले. तारीख, अंक, कोणती प्रयोगशाळा, शेरा. पहिल्या ओळीत ७.२ लिहिले, दुसऱ्या ओळीत ५.९. तिसऱ्या ओळीत सहा महिन्यांनंतरची तारीख घातली, आणि तिच्या पुढचा रकाना कोरा ठेवून वही देवघराशेजारच्या फळीवर, सर्वांच्या हाताशी येईल अशी, ठेवून दिली.